सांता खरा नाही हे मुलांना कळू लागतं, तेव्हा घरचा नाताळ कसा सांभाळायचा

माझी मुलगी तेव्हा साडेसात वर्षांची होती. नाताळच्या सकाळी भेटी उघडून झाल्या आणि ती सांताची चिठ्ठी हातात घेऊन माझ्याकडे आली. "आई, तू काढतेस तसाच ळ सांता कसा काय काढतो?" मी 'नरो वा कुंजरो वा' थाटाचं काहीतरी बोलले. काही लोकांचं अक्षर सारखं असतं, वगैरे. दोन दिवसांनी तिने सरळ विचारलं, "चिठ्ठी तूच लिहितेस का?" मी हसून "छे गं" म्हटलं आणि एक नाताळ वाचवला. पुढच्या वर्षी वर्गातल्या एका मुलाने तिला सगळं सांगून टाकलं. त्या दिवशी ती घरी आली ती चिडून. "मी तुला विचारलं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

इतकी वर्षं आम्ही सांताचा खेळ खेळलो याबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती. सरळ विचारलेल्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं, हे तिला लागलं होतं. पुढे जे काही सुचवते आहे ते याच अनुभवातून आलं आहे. धाकटा आता सहा वर्षांचा आहे, म्हणजे माझी फेरपरीक्षा फार लांब नाही.

पायरी १: मूल नेमकं काय विचारतंय ते ओळखा

सांतावरचा विश्वास बहुतेक मुलांच्या बाबतीत सात-आठ वर्षांच्या आसपास सैल होतो. काहींचा पाचव्या वर्षीच जातो, काहींचा दहाव्यापर्यंत टिकतो. तो एका दिवसात मात्र जात नाही. वर्ष-दीड वर्ष मूल अर्धं आत, अर्धं बाहेर असतं. सोमवारी त्याला सगळं थोतांड वाटतं आणि गुरुवारी ते सांताला पत्र लिहायला बसतं. या काळात येणारे प्रश्न एका जातीचे नसतात, म्हणून त्यांना एकच उत्तर चालत नाही.

आधी येतात ते 'कसं'चे प्रश्न. एका रात्रीत इतकी घरं कशी होतात? धुराडं नसेल तर तो आत कुठून येतो? रेनडिअर उडतात कसे? ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं आता. पण अशा वेळी मूल बहुधा गोष्टीला पडलेली भोकं स्वतःच बुजवत असतं. त्याला "तुला काय वाटतं?" असं विचारा आणि ऐकत बसा. माझ्या मुलीने एकदा सांगितलं होतं की सांता पूर्वेकडून पश्चिमेकडे जात राहिला तर त्याची रात्र लांबत जाते, म्हणून त्याला वेळ पुरतो. भूगोल अगदी बरोबर होता. अशा वेळी आपण मध्ये पडून बिंग फोडायचं काही कारण नाही.

त्यानंतर येतात पुराव्याचे प्रश्न. सांताच्या भेटीचा रंगीत कागद आपल्या कपाटातल्या गुंडाळीसारखाच का? या खोक्यावर दुकानाचं लेबल कसं? टॅबलेटवर मागवलेल्या वस्तूंच्या यादीत हाच खेळ का दिसतो? इथे मूल खडा टाकून बघतंय. बघणारा तुमचा चेहरा वाचतोय हे लक्षात ठेवा. यावर "अरे, चांगलं टिपलंस की" एवढंच म्हणा. नवी थाप रचू नका. माझी चूक इथूनच सुरू झाली.

आणि शेवटी सरळ प्रश्न: "सांता तूच आहेस का?" त्याची पायरी वेगळी आहे, पुढे येईलच.

पायरी २: संशय सुरू झाला की नवे पुरावे तयार करणं थांबवा

आपली सहज होणारी चूक उलटी असते. विश्वास डळमळतोय असं दिसलं की आपण कंबर कसतो. पिठात बुटांचे ठसे उमटवतो, सांताचा व्हिडिओ बनवून घेतो, एखाद्या काकाला दाढी लावून दारात उभं करतो. चार वर्षांच्या मुलासाठी ही गंमत आहे. शंका घेणाऱ्या आठ वर्षांच्या मुलासाठी मात्र तुम्ही त्याच्या डोळ्यांवर त्याला विश्वास ठेवू देत नाही, असा तिचा अर्थ होतो. पुढे कळल्यावर ते हेच आठवतं आणि हेच विचारतं: "मी ओळखलं होतं, तरी तू मला खोटं का पाडलंस?"

त्याच सुमाराला आणखी दोन गोष्टी आवरत्या घ्या. एक म्हणजे "सांता बघतोय हं" ही धमकी. ती मला कधीच आवडली नाही, आणि शंका आल्यानंतर तर ती निव्वळ पोकळ होते. दुसरी म्हणजे सांताच्या नावावरची महागडी भेट. सर्वांत मोठी भेट आई-बाबांच्या नावावर आणि सांताकडून छोटी गंमत, अशी वाटणी एक-दोन वर्षं आधीच केलेली बरी. वर्गात एकाला सांता सायकल देतो आणि दुसऱ्याला पेन्सिलींचा संच, याचं उत्तर कोणत्याच पालकाकडे नसतं. शिवाय सांता गेला तरी मोठी भेट जाग्यावर राहते, त्यामुळे मुलाच्या मनातली एक भीती आपोआप कमी होते.

पायरी ३: सरळ प्रश्नाला सरळ उत्तर

सरळ प्रश्न आला की एकदा, फक्त एकदाच, परत विचारा: "तुला असं का वाटलं?" कधीकधी मुलाला "नाही रे, आहे सांता" हेच ऐकायचं असतं, आणि ते उत्तर ऐकायच्या आधीच विषय बदलून पळतं. पळू द्या. पण ते थांबलं आणि म्हणालं, "नाही, मला खरं सांग," तर खरं सांगायचं. तिथे फाटे फोडायचे नाहीत.

शब्द साधे हवेत. "चिठ्ठी मी लिहायचे. भेटी बाबा आणि मी मिळून ठेवायचो. तू झोपलीस की." आणि मग गप्प बसा. पहिल्याच वाक्यात "सांता म्हणजे प्रेम, तो आपल्या मनात असतो" असलं काही सांगू नका. मोठ्यांना ते सुंदर वाटतं, मुलाला मात्र आपल्याला पुन्हा गुंडाळलं जातंय असं वाटतं. १८९७ मध्ये न्यूयॉर्कच्या आठ वर्षांच्या व्हर्जिनिया ओहॅनलनने 'द सन' या वृत्तपत्राला पत्र लिहून सांता खरंच आहे का, असं विचारलं होतं. २१ सप्टेंबरच्या अंकात फ्रान्सिस चर्च या संपादकाने अग्रलेखातून तिला होकार दिला. प्रेम, औदार्य आणि निष्ठा जशा आहेत तसाच सांताही आहे, असा त्याचा सूर. तो अग्रलेख आजही छापला जातो आणि भाषा म्हणून तो देखणा आहेच. पण तिने खरं काय ते विचारलं होतं आणि उत्तर कवितेत मिळालं, असं माझं मत. वृत्तपत्राला ते शोभतं. जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या आईला नाही.

जागा आणि वेळ निवडता आली तर धाकटं भावंड जवळ नसताना, घाई नसताना बोला. नाताळच्या काही आठवडे आधी, किंवा सण उलटून गेल्यावर. प्रश्न नेमका २४ डिसेंबरच्या रात्री आला तर? तेव्हा निवड मुलावर सोपवा: "मी तुला खरं उत्तर देणार आहे. आत्ता हवंय की परवा?" माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाने क्षणभर विचार करून "परवा" म्हटलं आणि सांताने भेट टाकावी म्हणून टांगतात तो मोजा टांगून झोपायला गेला. त्याला उत्तर कळलं होतंच. एक शेवटची रात्र त्याने स्वतःसाठी मागून घेतली.

खरं सांगितल्यावर प्रश्नांची सरबत्ती होते आणि तो भाग मजेचा असतो. भेटी कुठे लपवायचात? सांतासाठी ठेवलेला खाऊ कोण खायचं? त्या वर्षी घंटा वाजली होती ती कोणी वाजवली? सगळं सांगा. लपवण्याच्या जागा दाखवा. जादूगार पडद्यामागे नेऊन दाखवतो तसं.

पायरी ४: "मग सांता आला कुठून?"

हा प्रश्न येईलच, आणि त्याचं खरं उत्तर बनावट गोष्टीपेक्षा रंगतदार आहे. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या देम्रेमध्ये, निकोलस नावाचे बिशप होते. तीन गरीब बहिणींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी आख्यायिका आहे. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. डच लोक त्यांना सिंटरक्लास म्हणत, आणि अमेरिकेत त्याचं सांताक्लॉज झालं. आठ रेनडिअर आले ते १८२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वृत्तपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेतून. लाल नाकाचा नववा रेनडिअर तर १९३९ मध्ये एका अमेरिकी दुकानसाखळीने मुलांना फुकट वाटलेल्या पुस्तिकेतला आहे.

सांताला लाल कपडे कोका-कोलाने दिले, असं मोठी माणसंही छातीठोकपणे सांगतात. चित्रकार थॉमस नास्ट १८६३ पासून सांताची चित्रं काढत होता आणि लाल पोशाखातला सांता कोका-कोलाच्या आधीपासून दिसतो. १९३१ पासून त्या कंपनीसाठी हॅडन सन्डब्लॉमने काढलेल्या चित्रांनी ते रूप जगभर पक्कं केलं, एवढं खरं. मुलाला हा तपास करू द्या. नुकताच एक मोठा शोध लावलेल्या डोक्याला दुसरं कोडं हवंच असतं, आणि मोठ्यांना चूक ठरवण्याची संधी मिळाली तर दुधात साखर.

"म्हणजे सगळे मोठे लोक मिळून खोटं बोलत होते?" यालाही तयार राहा. कॅनडाच्या टपाल खात्याने सांतासाठी खास पिनकोड ठेवलाय, एच०एच ०एच०, इंग्रजीत लिहिला की 'हो हो हो' वाचता येईल असा. तिथे आलेल्या पत्रांना स्वयंसेवक उत्तरं लिहितात. अमेरिका आणि कॅनडाची संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणा दर २४ डिसेंबरला सांताच्या प्रवासाची खबर देते. १९५५ मध्ये सांताशी बोलायचं म्हणून एका मुलाचा फोन चुकून लष्करी केंद्रात लागला आणि तिथल्या अधिकाऱ्याने वेळ निभावून नेली, तेव्हापासूनची ही रीत, असं सांगतात. हे सगळं ऐकून माझी मुलगी म्हणाली, "म्हणजे लष्करसुद्धा सामील?" तिचा राग तिथे थोडा निवळला. एवढ्या मोठ्या कटात आपण आता आतल्या गोटात आहोत, हे तिला आवडलं असावं.

पायरी ५: रडू कोणाला येतंय ते तपासा

१९९४ मध्ये कार्ल अँडरसन आणि नॉर्मन प्रेन्टिस या मानसशास्त्रज्ञांनी सांतावरचा विश्वास उडालेल्या ५२ मुलांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या पालकांकडून प्रश्नावली भरून घेतली. मुलांनी साधारण सातव्या वर्षी बहुधा स्वतःच सत्य शोधलं होतं आणि त्यांच्या प्रतिक्रिया मुख्यतः चांगल्या होत्या. उदास होते ते पालक. ५२ हा आकडा लहान आहे, पण मला त्यात मी दिसले. त्या संध्याकाळी मुलगी चिडली, जेवली आणि झोपली. मी मात्र रिकाम्या मोज्यांचं खोकं उघडून बसले होते.

आपलं दुःख खरं असतं, पण ते मुलासमोर मांडू नका. "अरेरे, आता तू मोठी झालीस, संपलं सगळं" हे ऐकलं की आपण काहीतरी मोडलं असं त्याला वाटतं. मैत्रिणीला फोन करा, नवऱ्याच्या खांद्यावर रडा.

मूल चिडलं असेल तर माफी मागा, आणि नेमक्या गोष्टीची मागा. "तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. ते चुकलं." पुढे "पण तुझ्या आनंदासाठीच" जोडलंत तर आधीचं सगळं पाण्यात. वर्गात सांताची बाजू घेऊन भांडलेल्या मुलाला ओशाळल्यासारखं होतं. त्याला फक्त एवढं सांगा की ज्यांच्यावर विश्वास ठेवावा अशा माणसांनी सांगितलं म्हणून तू मानलंस, यात बावळटपणा नाही.

काही मुलं वेड पांघरून पेडगावला जातात. सगळं ठाऊक असतं, तरी बोलत नाहीत. भेटी बंद होतील ही भीती असते, किंवा आई-बाबांचा हिरमोड होऊ नये ही काळजी. त्यांना पकडायला जाऊ नका. जाता जाता एकदा म्हणा, "सांता असो-नसो, आपल्या घरी नाताळच्या भेटी असणारच." खरी भीती तीच असेल तर पुढच्या आठवड्यात मूल आपणहून बोलतं.

दहा-अकरा वर्षांचं मूल अजून मनापासून मानत असेल तर मात्र वाट बघू नका. शाळेत चारचौघांत हसं होण्यापेक्षा घरी, एकट्याला, शांतपणे सांगितलेलं बरं. आणि ज्या मुलाला बदल जड जातात, शब्द जसाच्या तसा घ्यायची सवय आहे, त्याला काय बदलणार आणि काय तसंच राहणार याची यादीच लिहून द्या.

पायरी ६: गुपित राखण्याचं काम, पण ओझं नको

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मोठ्या भावंडाला लगेच समजतं. अडचण निराळीच आहे. त्याच्या हाती आता एक शस्त्र आलंय. आमच्याकडे तिसऱ्याच दिवशी रिमोटवरून भांडण झालं आणि ताई धाकट्याला म्हणाली, "थांब, तुला एक गोष्ट सांगतेच!" मी तिला आत नेलं. दम दिला नाही, काम दिलं: यंदा धाकट्याच्या मोज्यात काय जाईल ते तू ठरवायचं. त्यानंतर ते गुपित फुटू नये याची काळजी माझ्यापेक्षा तिलाच जास्त.

आपण नुकतीच खोटं बोलल्याबद्दल माफी मागितली आणि आता मुलाला भावंडाशी खोटं बोलायला लावायचं, हे जुळत नाही. म्हणून त्याला एक वाक्य हाताशी द्या: "तुला काय वाटतं?" किंवा "आईला विचार." दोन्ही खोटी नाहीत. वर्गातल्या मुलांसाठीही हेच. तिथे काही घरांत सांता कधीच नसतो, तेही सांगून ठेवा. आजी-आजोबांनाही कळवा, नाहीतर ती "सांताने काय आणलं गं?" विचारत राहतात आणि मूल अवघडून आपल्याकडे बघतं. आई-बाबा वेगवेगळ्या घरी राहत असतील तर सांगायच्या आधी एकमेकांशी बोला. एका घरात सांता गेलेला आणि दुसऱ्यात अजून येणारा, ही कसरत मुलाच्या माथी नको.

पायरी ७: पुढचा नाताळ नव्याने मांडा

पहिला बिनसांताचा नाताळ थोडा फिका जातो. भेटी उघडून होतात आणि दहा वाजताच दिवस संपल्यासारखा वाटतो. हे आधीच गृहीत धरा. आम्ही आता भेटी सकाळी, दुपारी आणि रात्री अशा वाटून उघडतो. सकाळचा मोजा तेवढा जुन्या वेळी.

नोव्हेंबरात मुलाला विचारा, यातलं काय ठेवायचं. उत्तरं चकित करतात. जिच्यासाठी मी दरवर्षी जिवाचा आटापिटा करत होते ती सांताची लांबलचक चिठ्ठी मुलीने एका वाक्यात काढून टाकली. खाऊची बशी मात्र ठेवायचीच, आणि तो खाऊ आता तिने खायचा.

२४ च्या रात्रीची कामं वाटून द्या. कागद कापणं, चिकटपट्टी लावणं, धाकट्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या लिहिणं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायची युक्ती आमच्याकडे तिचीच. इतक्या वर्षांत मला ती सुचली नाही. जागं राहायची परवानगी हा या कामाचा मोबदला, त्यात काटकसर नको.

मोठ्यांचेही मोजे टांगा आणि ते भरायचं काम मुलाकडे द्या. विकत आणलेलंच हवं असं नाही. आणि एक भेट अशी ठरवा की घेणाऱ्याला देणाऱ्याचं नाव कधीच कळणार नाही. कोणाला काय हवंय हे मुलानेच हेरायचं, आपण फक्त सोबत जायचं. निकोलसची खिडकी इथे उपयोगी पडते. एकच इशारा: भेट देऊन आल्यावर मूल दहा जणांना सांगायला निघतं. पहिल्या वर्षी निघू द्या.

पैशांचा विषयही आता उघडा होतो. सांताच्या कारखान्यात सगळं फुकट होतं, आता बिल कोण भरतं ते कळलेलं असतं. काही मुलं मागचा हिशोब मांडतात: "ती सायकल तुम्ही घेतली होती? एवढे पैसे?" आवाजात अपराधीपणा असतो. तेव्हा "आम्हाला द्यायची होती म्हणून दिली" एवढं पुरे. पुढच्या यादीसाठी रक्कम आधीच सांगा आणि त्यात काय बसवायचं ते मुलाला ठरवू द्या. घासाघीस होईल, होऊ द्या.

एक शेवटचं काम: सांताच्या जुन्या चिठ्ठ्या फेकू नका. आम्ही त्या एका फाइलमध्ये ठेवल्या होत्या, आणि माफीनंतर महिनाभराने मुलीने त्या मागितल्या. जमिनीवर वर्षाप्रमाणे मांडल्या. माझं अक्षर दरवर्षी कसं घाईघाईचं होत गेलं ते दाखवलं. मग एका चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाली, "हा सांता बाबा होता."

"कशावरून?"

"वेलांटी चुकलीय."